कपारीतला चौथा थर

शीआन,
सप्टेंबरची सुरुवात

प्रिय रोंगरोंग,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी बरी आहे, घर जागेवर आहे, बाल्कनीतल्या मिरच्या लाल झाल्यात आणि खालच्या मजल्यावरच्या शू बाई अजूनही माझ्या कपड्यांचं पाणी त्यांच्या गाद्यांवर पडतं म्हणून भांडायला येतात. पत्र एवढ्यासाठीच की फोनवर आपलं बोलणं होत नाही. मी बोलून पाठवते आणि तू अंगठा पाठवतेस. तो पिवळा अंगठा बघून मी ठरवते, आज रोंगरोंगची तब्येत बरी दिसतेय, आज राग जरा कमी दिसतोय. एका अंगठ्यावरून आईने किती अंदाज बांधायचे? शेवटी वाटलं, कागदाला तरी तुला अंगठा दाखवून पुढे सरकता येणार नाही. वाचावंच लागेल.

बाळाची दुलई शिवून झाली. कापूस जरा जास्तच भरला गेला, कारण शिवताना माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. इथे पावसाची पिरपिर चालू आहे. शरदातला हा पाऊस तुला माहीत आहे, धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. डोंगराच्या त्या बाजूला, तुमच्याकडे, तो जास्त आहे हेही मला कळतं. सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी मी फोनवर तुमच्या नदीची पातळी बघते. भाजी चिरताना बघते, बसमध्ये बघते. परवा बँकेत रांगेत उभी असताना पातळी हातभर चढलेली दिसली आणि माझा नंबर पुकारलेला मला कळलाच नाही. मागचा माणूस म्हणाला, "काकू, शेअर पडले का?" मी म्हटलं, "नाही, चढलंय." तो बिचारा अभिनंदन करून पुढे गेला.

तुझ्या घराचे फोटो मी पुन्हा पुन्हा काढून बघते. नदीकाठच्या खालच्या बाजारातली ती लाकडी दारं, तू आणि गुआंगशेंगने, नवराबायकोने मिळून, घासून घासून तेल पाजलेली. नदीकडच्या खोलीतला पलंग, खिडकीत टांगलेले मक्याचे झुपके. तुमच्याकडे पैसे देऊन उतरणारे पाहुणे काय काय लिहून जातात तेही वाचते. कुणीतरी लिहिलंय, 'रात्रभर नदीचा आवाज ऐकत झोपलो, आयुष्यात इतकी शांत झोप लागली नव्हती.' ते वाचून मला झोप लागली नाही. तू नोकरी सोडून बाबांच्या गावी गेलीस तेव्हा मी विरोध केला असं तू सगळ्यांना सांगतेस. रोंगरोंग, मी विरोध केला नव्हता. मी फक्त विचारलं होतं, घर वरच्या बाजारात नाही का मिळणार? आणि तू म्हणाली होतीस, "वरच्या बाजारात बाबा जन्मले नव्हते." त्यावर मी काय बोलणार होते?

आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या हातात बोलण्यासारखं काही नव्हतंही. नदीकाठची भिंत नवी होती. तुमच्या यानतोउ गावासाठी आमच्या जलखात्यातल्या तान सरांनी जुना अभ्यास करून ठेवलेला होता. गावाच्या वरच्या अंगाला जी मोठी कपार आहे, तिच्यात त्यांनी खणलं होतं. नदी फार चढते तेव्हा पाणी अशा कपारीत शिरतं, तिथे त्याला वेग राहत नाही, ते थबकतं, आणि त्यातला बारीक गाळ खाली बसतो. पूर ओसरतो, गाळ राहतो. पुढे छतावरचे दगडगोटे त्यावर पडतात, मग कधीतरी पुन्हा पूर, पुन्हा गाळ. माणसांनी नदी मोजायला लागून सत्तर वर्षंही झाली नाहीत, पण कपार हजारो वर्षं मोजतेय. तान सरांना तिथे तीन थर सापडले होते आणि तिन्ही काही हजार वर्षांपूर्वीच्या, हवामान बिघडलेल्या काळातले निघाले. म्हणजे आता तसं पाणी येणं जवळजवळ नाहीच. त्या अहवालावर भिंतीची उंची ठरली, खालचा बाजार पुन्हा उभा राहिला, आणि तुझ्यासारखी मुलं परत आली.

तरी थडग्यांची साफसफाई करायला मी एप्रिलमध्ये आले, तेव्हा आपलं भांडण झालंच. बाबांच्या थडग्यावरचं गवत काढून आपण उतरलो आणि तुझ्या गल्लीत शिरत होतो. तुझं पोट अजून दिसत नव्हतं, पण तू मला सांगितलं होतंस. मी इतकंच म्हटलं की शरदातल्या पावसाचे दोन महिने वरच्या बाजारात थोरल्या काकांकडे राहायला जा, दिवस भरत आलेले असतील. तू थांबलीस आणि म्हणालीस, "आई, तू आली आहेस की तुझं खातं आलंय?" तुझ्या शेजारची पेंग आजी दारात तांदळाच्या पिठाच्या पट्ट्यांना मिरचीचं तेल लावत बसली होती, तिला तेवढंच पाहिजे होतं. "अगं बाई, हजार वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यासाठी आत्तापासून ताटं मांडायची का?" सगळी गल्ली हसली. मीही हसले. पण मग घरात गेल्यावर तू हळू आवाजात जे म्हणालीस त्यावर मला हसता आलं नाही. "तू बाबांच्या वेळीही असंच केलंस. आम्ही सगळे ते घरी येणार म्हणून बोलत होतो आणि तू टक्केवारी सांगत होतीस."

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. डॉक्टरांनी मला आकडा सांगितला होता आणि तुझ्या बाबांनी मला तो विचारला होता. तुला ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. तू औषध आणायला खाली गेली होतीस. ते म्हणाले, "शूझन, तुला खोटं बोलता येत नाही म्हणून तुला विचारतो." मी सांगितलं. ते म्हणाले, "मग रोंगरोंगला सुट्टी घ्यायला सांग." तुम्ही दोघांनी जे शेवटचे आठवडे एकमेकांबरोबर काढले, गच्चीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडल्या, ते त्या आकड्यामुळे मिळाले. मी चुकले असं मला अजूनही वाटत नाही. पण तुला दुखलं, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि आजही दिसतं.

मे महिन्यात आमच्या खात्याने मला आणि माझ्या हाताखालच्या वेई रुईला यानतोउला पाठवलं. तुला कळलंच असेल, लहान गावात काय लपतं. रस्ता रुंद करताना यंत्राने घळीच्या तोंडाशी डोंगराचा एक तुकडा कापला होता आणि आत दुसरी कपार उघडी पडली होती, तान सरांच्या कपारीपेक्षा जरा उंचावर. मी तुझ्या दारावरून गेले, आत आले नाही. तू गॅलरीत चादरी वाळत घालत होतीस. मी छत्री खाली केली. अशी आई कशी, असं तू म्हणशील. पण मला कामाच्या कपड्यांत, खांद्यावर फावडं घेऊन तुझ्या दारात उभं राहायचं नव्हतं.

कपारीत खाली तेच तीन थर होते, जुने. त्यांच्यावर दगडगोट्यांचा जाड पट्टा. आणि त्याच्या वर, जिथे काहीच असायला नको होतं, तिथे एक चौथा थर होता. तान सरांच्या कपारीत तो बहुधा नंतरच्या पाण्यात धुपून गेला असावा. पिवळट, भाकरीएवढा जाड, काठाकडे निमुळता होत गेलेला. वेई रुईने त्याखाली ब्रश फिरवला आणि ओरडली, "बाई, इथे कुणीतरी स्वयंपाक केलाय!" राख होती, अर्धवट जळलेली पाइनची काटकी होती, आणि निळ्या रेघांचा फुटका वाडगा होता. साधा, गरिबाच्या घरचा. कुणी गुराखी असेल किंवा वाटसरू, पावसात अडकलेला. त्याने तिथे चूल मांडली, आणि तो गेल्यावर कधीतरी त्याच्या चुलीवर नदी चढली. तसले वाडगे हजारो वर्षांपूर्वी नव्हते, रोंगरोंग. ते आत्ता-आत्ताचे आहेत, फार तर सहाशे वर्षांपूर्वीचे. वेई रुई आनंदाने नाचायची बाकी होती. मी तिथे उकिडवी बसले आणि मनात म्हटलं, हा गाळ नसू दे. डोंगरावरून पावसाने वाहून आणलेली माती असू दे.

ते ओळखायची एक सोपी खूण असते. तुमच्या गावचा डोंगर चुनखडीचा आहे, त्याच्या मातीत चमक नाही. अभ्रक सापडतं ते पार वर, नदीच्या उगमाकडच्या खडकात. मी चिमूटभर माती घेऊन थुंकीने बोटावर चोळली आणि उन्हात धरली. बोट चमकलं. मी ते पँटला पुसलं, दुसऱ्या जागची माती घेतली, पुन्हा धरलं. पुन्हा चमकलं. वेई रुई मागून म्हणाली, "बाई, किती वेळा बघताय? नवरी मुलगी आहे का ती?" मी तिला चहा आणायला पिटाळलं आणि एकटीच बसून राहिले. खाली तुझं छप्पर दिसत होतं. दिसत होतं म्हणजे, मला त्याच्याकडे खाली बघावं लागत होतं. एवढ्यावर समजून घे.

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते तान सरांना भेटायचं. ते निवृत्त झालेत, पण जिल्ह्याच्या समितीवर अजून आहेत. त्यांना सांगितलं, माझी मुलगी खालच्या बाजारात राहते, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी मला बसवलं, हिरवा चहा दिला, आणि म्हणाले, "दुसऱ्या कुणाला म्हणजे कुणाला? माणसं आहेत कुठे? आणि मियाओ, एका पातळ थरासाठी एवढं काय? उंदीर माती उकरतात, झाडाची मुळं थर खालीवर करतात. शंका आहे म्हणून लिही आणि सोडून दे. मुलीचंही भलं, गावाचंही भलं." माझं मन त्या क्षणी किती हलकं झालं हे तुला सांगून खरं वाटणार नाही. घरी येताना मी बदकही विकत घेतलं. मग ते शिजत असताना कढईसमोर उभी राहून मला वाटलं, मी आज कशाचा सण करतेय? पेंग आजीच्या उंबऱ्यावर पाणी चढणार नाही असं ठरलंय, की चढेल हे लिहायचं नाही असं ठरलंय?

दुसऱ्या दिवशी मी वेई रुईला सगळं सांगितलं. मातीचे नमुने तिने नळ्यांत भरले, खुणा तिने घातल्या, कुठली नळी कुठल्या थराची हे मला कळू दिलं नाही. ती मोजणी अंधारात करावी लागते. वाळूच्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं, त्यावरून तो कधीपासून गाडला गेलाय ते समजतं. जळकी काटकी वय काढायला आणखी वेगळ्या शहरात पाठवली. सगळा उन्हाळा वाट बघण्यात गेला. त्या काळात मी तुला खजूर पाठवले, ब्लँकेट पाठवलं, आणि रक्तदाब रोज बघ म्हणून इतक्यांदा सांगितलं की गुआंगशेंगने मला हळूच लिहिलं, "आई, ती म्हणते, तुमचाच बघा."

निकाल ऑगस्टमध्ये आले. नळ्या आणि काटकी, दोन्हीकडून एकच गोष्ट निघाली, थर अलीकडचाच. आणि एक गोष्ट आम्हाला डोळ्यांनी दिसली नव्हती. तो चौथा थर एक नव्हताच, मधोमध केसाएवढी काळी रेघ होती. दोन पूर होते. साधारण सहाशे वर्षांत दोन. पुढचा कधी, हे कुणीही सांगू शकत नाही. एकदा पूर येऊन गेला म्हणून सुटलो असं नदीचं नसतं, ती दरवर्षी नव्याने फासा टाकते. तीनशे वर्षांतून एकदा असं म्हटलं की लोकांना वाटतं, म्हणजे आपल्यानंतर. पेंग आजीपुरतं ते पुष्कळसं बरोबरही असेल, तिचं वय झालंय. पण मी हिशोब केला तो पेंग आजीचा नव्हता. नोव्हेंबरमध्ये जन्मणारं मूल तुमच्या त्या खोलीत वाढलं, तिथेच म्हातारं झालं, नव्वद वर्षं जगलं, तर त्याच्या हयातीत ते पाणी येण्याची शक्यता चारात एक आहे. चार नाणी हातात घेऊन मी टेबलावर मांडली. मग त्यातलं एक बाजूला सरकवलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. मला ते बाजूला ठेवून देता येईना.

काल समितीची बैठक झाली. जिल्ह्याचे अधिकारी होते, पर्यटनवाले होते, तान सर पहिल्या रांगेत. मी कपारीचे फोटो दाखवले, पाण्याची उंची दाखवली. पर्यटन खात्याचे गृहस्थ म्हणाले, "बाई, म्हणजे नक्की कधी येणार?" मी म्हटलं, माहीत नाही. "आलाच नाही तर?" मी म्हटलं, तर मी चुकीची ठरेन आणि मला त्याचा आनंद होईल. कुणीतरी हसलं. मग तान सर उभे राहिले. मला वाटलं, आता उंदीर आणि मुळं येणार. त्यांनी विचारलं, "मियाओ बाई, तुमची मुलगी त्याच गल्लीत राहते, हे खरं ना?" सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, "हो. म्हणून नळ्यांवरच्या खुणा मला माहीत नव्हत्या. त्या वेई रुईने घातल्या." ते अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "या बाईंना हा थर नको होता. मी त्यांना तो सोडून देण्याची वाटही दाखवली होती. तरी त्यांनी तो इथे आणलाय. माझा जुना अहवाल मागे घ्या." आणि ते खाली बसले. बैठक संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले, तर ते कोटाची बाही सापडत नाही म्हणून चिडले होते. मी बाही धरली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते, बाकी सगळं मी त्याच्या भोवती फिरत होते. पुढच्या आठवड्यात खालच्या बाजारात नोटीस लागेल. पूररेषा तुमच्या छपराच्या वर जाणार आहे. दुकानं दिवसा चालतील, पण रात्री कुणाला राहू देता येणार नाही, पाहुण्यांना नाही आणि घरच्यांनाही नाही. म्हणजे तुझं घर पाहुण्यांसाठी बंद होईल. खाली ज्यांच्या सह्या आहेत, त्यात माझी पहिली आहे. हे तुला भिंतीवर वाचायला लागू नये, पेंग आजीच्या तोंडून कळू नये, म्हणून ते मी सांगतेय. मी क्षमा मागत नाहीये, कारण तोच आकडा मी उद्याही मांडेन. पण तू त्या दारांना हातांनी तेल पाजलंस, आणि ती मी बंद केली, हे मला ठाऊक आहे. मी बाळ होईपर्यंत रजा टाकली आहे. गुरुवारच्या बसने निघतेय. पाऊस लागून राहिलाय, नोटीस लागायची वाट बघू नकोस, तू आणि गुआंगशेंग आजपासूनच रात्री थोरल्या काकांकडे वर झोपायला जा. सामान वर न्यायला मी येते, चादरी, भांडी, मक्याचे झुपकेसुद्धा. तुला ओरडायचं असेल तर समोर ओरड, गल्लीला ऐकू जाऊ दे. दुलई बरोबर आणतेय. तू दार उघडशील की नाही, याचा मी अंदाज बांधलेला नाही.

तुझीच,
आई